पोच

फॅक्सचं यंत्र नंबर लावून झाला की अर्धा सेकंद एक बारीक शीळ घालतं आणि मग तीन सेकंद गप्प बसतं. पुन्हा अर्धा सेकंद शीळ, पुन्हा तीन सेकंद शांतता. पलीकडून कोणी ओ देईपर्यंत हे असंच चालू राहतं. शीळ 1100 हर्ट्झची असते, तिचा सूर आणि तिची लांबी आंतरराष्ट्रीय करारानं ठरलेली असते, पण मला कौतुक वाटतं ते त्या तीन सेकंदांचं. हाका मारणारे जगात पुष्कळ आहेत. हाकेला लागला त्याच्या सहापट वेळ कान देऊन थांबणारा मात्र माझ्या पाहण्यात हा एकच. पलीकडचं यंत्र उचलतं तेव्हा तेही घाई करत नाही. 2100 हर्ट्झचा एक लांबलचक सूर काढून आधी सगळ्या लाइनीला शांत करतं, मग आपली ओळख सांगतं: मला इतक्या रुंदीचा कागद चालतो, इतक्या वेगानं ऐकू येतं, अमुक एक जमतं, तमुक जमत नाही. इतकी प्रांजळ ओळख माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं करून देत नाहीत.

हे यंत्र मी ज्या ठिकाणी न्याहाळत बसतो ते ठिकाण म्हणजे लोणी देवकर. पुणे-सोलापूर महामार्गावरचं, इंदापूर तालुक्यातलं गाव. मोटारीतून भरधाव जाणाऱ्याला ते दिसतं एमआयडीसीच्या रूपानं: उसाच्या रानात मध्येच उगवलेल्या पत्र्याच्या शेड, वजनकाटा, चहाची टपरी, मिसळीची पाटी. एका अंगाला उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी बघायला पुण्यामुंबईची माणसं लांबलचक कॅमेरे घेऊन येतात, आणि त्याच दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून त्यांच्या गाड्यांच्या पुढे डुलत असतात. इथे माझ्या मामेभावाचा एक बेताचा कारखाना आहे. त्याच्या डिस्पॅचच्या खोलीत, चलनांच्या गठ्ठ्याशेजारी, हस्तिदंती रंगाचं, म्हणजे मूळच्या पांढऱ्याचं हस्तिदंती झालेलं ते फॅक्स मशीन बसलेलं असतं. त्याची देखभाल डिस्पॅचचे काका करतात. काकांना सगळे काकाच म्हणतात, मालकसुद्धा. यंत्रावर क्रोशाचं एक विणलेलं कव्हर आहे. ते कोणी विणलं हे कोणी विचारत नाही आणि काकाही सांगत नाहीत.

आता ह्या काळात फॅक्स कशाला, असं कोणीही विचारील. मीही विचारलं. तर मामेभावाचं एक जुनं, वजनदार गिऱ्हाईक आहे. मालाचा ट्रक त्यांच्या गेटावर पोचण्याआधी सहीशिक्क्याचं तपासणी प्रमाणपत्र त्यांच्याकडे पोचलेलं असावं लागतं. ते फॅक्सनंच यावं लागतं, आणि त्यांच्या दप्तरी नोंदलेल्या नंबरावरूनच यावं लागतं. दुसऱ्या नंबरावरून आलेल्या कागदाला त्यांचं यंत्र दारातूनच परत पाठवतं. नोंदलेला नंबर पुण्याच्या ऑफिसचा. कागद तयार होतो लोणी देवकरला, सही होते लोणी देवकरला, यंत्र आहे लोणी देवकरला, आणि शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या पुण्याच्या तोंडून ते सगळं वदवायचं. पूर्वी पुण्यात एक मुलगी होती, ती आलेली मेल छापून फॅक्समध्ये घालायची. तिचं लग्न ठरलं, ती नाशिकला गेली. कारखान्याची तांब्याच्या तारेची लाइन रस्त्याच्या खोदाईत इतक्या वेळा तुटली, की शेवटी ती सरेंडर करून टाकली. उरली फायबर, म्हणजे इंटरनेट. पुण्याच्या ऑफिसातलं जुनं ईपीएबीएक्सही गेलं, आणि फोनची सगळी व्यवस्था एका कॉम्प्युटरच्या पोटात गेली. तेव्हा असं ठरलं की लोणीच्या फॅक्सला इंटरनेटवरून पुण्याच्या फोनव्यवस्थेचं एक एक्स्टेन्शन करून टाकायचं. ऐकायला हे इतकं साधं वाटलं, की सगळ्यांनी लगेच चहा मागवला.

बारामतीहून एक चुणचुणीत तरुण तंत्रज्ञ आला. त्यानं पुस्तकाएवढा एक काळा डबा आणला. ह्या डब्याच्या एका भोकात इंटरनेटची वायर, दुसऱ्या भोकात साधी फोनची वायर. त्याला एटीए म्हणतात. काका त्याला डबाच म्हणतात आणि माझ्या मते काकांचंच बरोबर आहे. तरुणानं आधी डब्याला साधा फोन जोडला आणि पुण्याला लावला. आवाज असा स्वच्छ, की पुण्याच्या ऑफिसात कोणीतरी पंखा कमी कर म्हणालेलं इथे ऐकू आलं. “ओके आहे काका, लाइन एकदम क्लिअर,” असं म्हणून त्यानं फोन काढून फॅक्स जोडला. काकांनी कागद घातला. शीळ झाली, सूर झाला, ओळखीपाळखी झाल्या, कागद आत सरकू लागला, आणि अर्ध्यावर थबकला. पलीकडे पोचलेलं पान नंतर कळलं ते असं: वर कारखान्याचं नाव, पत्ता, मालाचं वर्णन, आणि सहीच्या जागेआधीच सगळं संपलेलं. लोणीशेजारच्या पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्याखाली गेलेलं आहे. उन्हाळ्यात फुगवटा ओसरतो तेव्हा आधी शिखर दिसतं, मग हळूहळू खालचं. पाणी पुरेसं ओसरलं नाही अशा वर्षी शिखर बघूनच माघारी यावं लागतं. गिऱ्हाइकाला त्या दिवशी आमच्या प्रमाणपत्राचं शिखरदर्शन तेवढं झालं.

“आवाज जातोय, मग कागद का जाईना?” काकांनी विचारलं. प्रश्न मोठा मार्मिक होता. तरुण म्हणाला, “काका, आवाजाचं वेगळं, कागदाचं वेगळं.” हे उत्तरही तितकंच मार्मिक होतं, फक्त ते किती मार्मिक आहे हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं.

इंटरनेटवरून आपण बोलतो तेव्हा आपलं बोलणं सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढ्या तुकड्यांत कापलं जातं, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेनं सुटतो. काही उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. आपल्याला ते समजतसुद्धा नाही, कारण माणसाचा कान फार क्षमाशील आहे. हरवलेल्या तुकड्याच्या जागी डबा आधीच्याच तुकड्याचं ठिगळ लावतो, आणि उरलेलं आपण मनानं भरून घेतो. ट्रंक कॉलच्या दिवसांत तर सगळा संसारच ह्या भरून घेण्यावर चालत असे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तीन प्रतींत कॉल मिळायचे. आमच्या घरी येत तो ऑर्डिनरी, आणि त्यातला बराचसा भाग खरखरीचा असे. आई पलीकडचं नीट ऐकू आलेलं नसताना “हो, हो, कळलं” म्हणायची, आणि गंमत म्हणजे तिला खरोखरच कळलेलं असायचं. मावशी कुठल्या शब्दापाशी थांबली एवढ्यावरून तिला दुखणं कोणाचं आणि किती हे उमजे.

फॅक्सला ही विद्या येत नाही. तो 14,400 बिट प्रतिसेकंद अशा पूर्ण वेगात असला, तर एका हरवलेल्या तुकड्याबरोबर त्याचे 288 बिट जातात, आणि त्यांच्या जागी आधीचंच काहीतरी पुन्हा ऐकवलं तर त्याचा गोंधळ वाढतो. ‘साधारण असंच काहीतरी म्हणायचं असेल’ हा विचार त्याच्या स्वभावात नाही. त्यातून इंटरनेटवरच्या फोनला जागा वाचवायची फार हौस. आवाज दाबून दाबून त्याचा आठवा हिस्सा करणारी जी.729 नावाची एक पद्धत आहे. ती आवाज जशाचा तसा पाठवतच नाही. हा आवाज काढताना माणसाचा घसा कसा झाला असेल याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज पाठवते. पलीकडे त्या अंदाजावरून आवाज पुन्हा घडवला जातो. माणसाच्या बाबतीत हे नामी चालतं. पण फॅक्सला घसा नाही. त्याच्या शिळेतून कुठला घसा शोधायचा? ती पद्धत बिचारी प्रामाणिकपणे शोधते, आणि पलीकडे जे पोचतं ते म्हणजे फॅक्सची नक्कल करणारा कोणीतरी माणूस.

त्याहून मला हळवं करणारी गोष्ट शांततेची आहे. फोनवर एक जण बोलतो तेव्हा दुसरा गप्प असतो, म्हणजे निम्मा वेळ शांतता. ती कशाला वाहायची, म्हणून नव्या व्यवस्था शांतता गाळून टाकतात. पण सुरुवातीच्याच काळात असं ध्यानात आलं, की लाइन खरोखरीच निःशब्द झाली की माणूस दचकतो. “हॅलो? आहेस ना?” म्हणून विचारू लागतो. मग पलीकडचा डबा श्रोत्याच्या समाधानासाठी एक बारीकशी खोटी सळसळ स्वतःच तयार करून कानात सोडतो. तिला कम्फर्ट नॉइज म्हणतात. म्हणजे आपण जिवलगाशी बोलता बोलता थांबतो आणि त्याच्या खोलीतली शांतता ऐकतोय असं समजतो, तेव्हा पुष्कळदा आपण आपल्याच घरातल्या डब्यानं केलेली समजूत ऐकत असतो. फॅक्सची अशी समजूत घालता येत नाही. त्याच्या लेखी गप्प बसणं हे बोलण्यातलंच एक वाक्य, आणि ते कोणी गाळलं किंवा त्यात सळसळ भरली तर तो रागावून फोन ठेवतो.

फॅक्सचं सगळं व्याकरणच मुळी नसलेल्या गोष्टींचं. कागदाची प्रत्येक ओळ तो 1728 ठिपक्यांत वाचतो, आणि काळं किती, पांढरं किती, पुन्हा काळं किती, एवढंच सांगत जातो. अगदी कोरी ओळ असली तरी ती सोडून पुढे जात नाही. ‘1728 ठिपके पांढरे’ हे 17 बिटांत सांगतो आणि मगच खाली उतरतो. मुख्य मजकुराआधी तर तो एक परीक्षा घेतो: दीड सेकंद नुसती शून्यं पाठवतो. समोरच्यानं ती शून्यं शून्यं म्हणूनच ऐकली, तर पुढे जायची परवानगी मिळते. नाही ऐकली, तर हा आपला वेग एक पायरी उतरवतो: 14,400 वरून 12,000, मग 9,600, पुढे 7,200, आणि गरज पडली तर 2,400 पर्यंत खाली येतो. माझं काहीच नाही ते तुला नीट मिळालं का, असं विचारून बोलायला सुरुवात करणारा दुसरा कोणी सज्जन मला माहीत नाही.

ह्या हट्टाला वंशपरंपरा आहे. पुष्कळांना वाटतं की आधी फोन आला आणि मग फॅक्स. तसं नाही. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश घड्याळजीनं फॅक्सच्या कल्पनेचं पेटंट घेतलं ते 1843 साली. बेलच्या फोनच्या 33 वर्षं आधी. तेव्हा आपल्याकडे साताऱ्याचं राज्यसुद्धा खालसा व्हायचं होतं. बेन घड्याळजी असल्यामुळे त्याची युक्तीही घड्याळाचीच: तारेच्या दोन टोकांना दोन लंबक, आणि दोन्ही एकाच तालात हलले पाहिजेत. एक लंबक अक्षरांवरून फिरणार, दुसरा त्याच क्षणी तीच अक्षरं उमटवणार. पुढे जिओव्हानी कासेल्ली ह्या इटालियन धर्मगुरूनं तिसऱ्या नेपोलियनच्या पाठबळावर हे यंत्र पुरुषभर उंचीचं करून पॅरिस आणि ल्याँ ह्या शहरांत 1865 साली लोकांसाठी खुलं केलं. लोकांनी त्यावरून प्रेमपत्रं, चित्रं, काय वाटेल ते पाठवावं अशी सोय होती. त्याचा मुख्य उपयोग झाला तो बँकेच्या व्यवहारात सही खरी आहे का हे ताडून बघायला. इतक्या वर्षांनी लोणी देवकरच्या शेडमध्येही काम तेच चाललंय: सही पोचवायचं. आणि अडचणही तीच आहे, दोन लंबकांची. डब्यातलं घड्याळ आणि पुण्याचं घड्याळ यांच्यात केसाएवढा फरक असतो. बोलणाऱ्याला तो जन्मात कळणार नाही, पण लांबलचक फॅक्समध्ये तो साठत जातो आणि कुठेतरी एखादा तुकडा कमी किंवा जास्त होतो. बेननं हे ऐकून मान डोलावली असती.

जुन्या एक्स्चेंजमध्ये हा प्रश्न नव्हता. तिथे एकदा नंबर लागला की अख्खी वाट तुमच्या नावानं राखून ठेवलेली असे. बोला, न बोला, रडा. सी-डॉटचं 128 लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज, वातानुकूलनाशिवाय धुळीत आणि उन्हात चालणारं, खेड्यापाड्यांतून पोचलं. त्यापाठोपाठ पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथं आली, आणि बूथमधल्या काचेच्या कपाटाशेजारी फॅक्स आला. इंदापूरचा 02111 आणि बारामतीचा 02112 हे आकडे तेव्हा आम्हाला आडनावांसारखे पाठ होते. त्या काळात तालुक्याचे वार्ताहर संध्याकाळी बूथमध्ये बसून पाठकोऱ्या कागदांवर बातमी लिहीत आणि पुण्याला फॅक्स करत. पाण्याचं आवर्तन, ऊसदराचं आंदोलन, कुस्त्यांचा फड, सगळं त्यांच्या स्वतःच्या अक्षरात जाई. रोमन लिपीच्या टेलेक्सपुढे मराठी मजकुराची जी कुचंबणा होई ती फॅक्सपुढे झाली नाही. त्याला लिपीच कळत नव्हती, त्यामुळे सगळ्या लिप्या सारख्या. काळं किती आणि पांढरं किती एवढंच. आलेला फॅक्स गुळगुळीत थर्मल कागदावर असे आणि काही महिन्यांत पुसट होत होत उडून जाई, म्हणून “फॅक्सची झेरॉक्स काढून ठेवा” हे वाक्य तेव्हा ऑफिसांतून औषधाच्या सूचनेसारखं बोललं जायचं.

इंटरनेटवरून फोन करायचा तर आपल्याकडे कायद्याचाही एक मजेदार लंबक होता. 1 एप्रिल 2002 पासून परवानगी मिळाली, पण अशी, की कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला बोलता येईल, देशातल्या फोनला नाही. म्हणजे न्यू जर्सीच्या मावशीशी बोला, इंदापूरच्या मावशीशी नको. इंटरनेटची आणि साध्या फोनची ही ताटातूट मिटायला 2018 साल उजाडावं लागलं. योगायोग असा, की त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्तींनी सरकार बनवण्याच्या दाव्याचं पत्र राज्यपालांना फॅक्सनं पाठवायचा प्रयत्न केला, आणि तो राजभवनात पोचेना. त्याच रात्री विधानसभा विसर्जित झाली. ईदची सुट्टी असल्यानं फॅक्सपाशी कोणी नव्हतं, असा खुलासा राज्यपालांनी नंतर केला. राजकारणातलं मला फारसं समजत नाही. मी फक्त त्या शिळेचा विचार करत राहिलो: अर्धा सेकंद, मग तीन सेकंद कान देऊन थांबणं.

पण लोणीची गोष्ट राहिली. तरुण तंत्रज्ञ चिकाटीचा निघाला. त्यानं आवाज दाबणं बंद केलं, प्रतिध्वनी पुसणारी सोय बंद केली, शांतता गाळणं बंद केलं. माणसांच्या सोयीसाठी म्हणून ज्या ज्या गोष्टी केलेल्या होत्या त्या एकेक काढून टाकल्यावर फॅक्सची प्रकृती सुधारू लागली. तरी भरवसा येईना. मग त्यानं पुण्याच्या व्यवस्थेत आणि डब्यात दोन्हीकडे ‘टी थर्टीएट’ चालू केलं. 1998 साली ठरलेली ही रीत मला ह्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते.

ती समजायला आमच्याकडच्या म्हाताऱ्यांकडे जावं लागेल. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं आणि भीमेकाठची किती गावं फुगवट्याखाली गेली. नवी गावठाणं वर वसली, त्यालाही आता चाळीसच्या वर वर्षं होऊन गेली. पण त्या गावांतले म्हातारे वाट सांगतात ती जुनी. “वेशीपासनं खाली उतर, चिंचेपाशी डावीकडं वळ.” वेस पाण्याखाली, चिंच तर केव्हाच कुजून गेलेली. नातू मोटरसायकलला किक मारता मारता “बरं आजोबा” म्हणतो, मनातल्या मनात त्या वाटेची नवी वाट करतो, डांबरी रस्त्यानं वळसा घालून नेमक्या ठिकाणी पोचतो, आणि परत आल्यावर “वेशीपाशी मिळाले” असंच सांगतो. आजोबांना कोणी दुरुस्त करत नाही.

टी थर्टीएटचा डबा हेच करतो. तो फॅक्सचे सूर पुढे पाठवतच नाही. शीळ आली की तो ती ओळखतो आणि मनातल्या मनात तिचा अर्थ काढतो. इंटरनेटवरून जातो तो नुसता अर्थ, आणि कुठे तुकडा हरवलाच तर हाताशी असावा म्हणून पुढच्या तुकड्याबरोबर मागचा पुन्हा जोडून. पलीकडच्या टोकाला दुसरा डबा त्या अर्थावरून पुन्हा शिळा, सूर, शून्यं, सगळं साग्रसंगीत गाऊन दाखवतो. मधल्या काळात उशीर झाला तर अलीकडचा डबा आपल्या फॅक्सला काहीबाही बोलण्यात गुंतवून ठेवतो, म्हणजे त्याला शंका येऊ नये. फॅक्सला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण तांब्याच्या तारेवरून दुसऱ्या फॅक्सशी बोलतो आहोत. जग बदलल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून शहाण्या माणसांनी समित्या भरवल्या, मसुदे लिहिले, मतं घेतली आणि सह्या केल्या. एवढा जिव्हाळा मी सरकारी कागदपत्रांत क्वचितच पाहिला आहे.

प्रमाणपत्र सहीसकट गेलं. ट्रक गेटातून आत गेला. मामेभावाला इतका आनंद झाला, की त्यानं गिऱ्हाइकाच्या ऑफिसात फोन करून, फॅक्स नीट उमटलाय ना, कागदावर शिक्का वाचता येतोय ना, अशी आपुलकीनं चौकशी केली. पलीकडच्या बाई जरा गोंधळल्या. “कागद कुठला हो? मशीन तर आम्ही केव्हाच काढलं. फॅक्स सर्व्हरवर येतो, त्याची पीडीएफ होते, ती मला मेलमध्ये येते.” मामेभाऊ क्षणभर थांबला आणि फार अदबीनं म्हणाला, “मग ताई, आम्हीच पीडीएफ मेल केली तर?” “छे छे,” बाई म्हणाल्या, “मेल चालत नाही. फॅक्सच लागतो.”

मी मनातल्या मनात त्या कागदाचा प्रवास पुन्हा करून पाहिला. काकांच्या टेबलावर कागद. यंत्रातून शीळ. यंत्र आणि डबा यांच्यामध्ये हातभर वायर. तिथून पुढे लोणी काय, पुणे काय, गिऱ्हाइकाचा सर्व्हर काय, सगळीकडे नुसते आकडे, आणि शेवटी एक मेल. बेनचे लंबक, कासेल्लीचं पुरुषभर उंच यंत्र, करारानं ठरवलेले 1100 हर्ट्झ, ह्या सगळ्याचा संसार त्या हातभर वायरीत मावलेला. ह्या व्यवहारात फॅक्स नावाची काही गोष्ट घडते आहे असं मानणारं शेवटचं प्रामाणिक पात्र म्हणजे क्रोशाच्या कव्हरातलं ते यंत्र.

काकांना हे सांगावं की नाही, यावर आमची दोघांची थोडी कुजबूज झाली. शेवटी मामेभावानं सांगितलं. काका चलनाला टाचणी लावत होते. त्यांनी ती नीट लावून पुरी केली.

“त्यांच्याकडं कागद निघंना तर न निघू दे,” काका म्हणाले. “आपल्याकडं पोच निघतीय न्हवं?”

पोच म्हणजे फॅक्स गेल्यावर यंत्र छापतं ती चिठ्ठी: तारीख, वेळ, नंबर, पानं एक, आणि शेवटी ‘ओके’. काकांनी कपाटातून बॉक्स फाइल काढून दाखवली. प्रत्येक पोचेची झेरॉक्स काढलेली, आणि प्रत्येक झेरॉक्सच्या मागे मूळ चिठ्ठी टाचलेली. जुन्या चिठ्ठ्यांवरचं थर्मल छपाईचं अक्षर पार उडून गेलेलं, गुळगुळीत कोरे कागद नुसते.

“काका, झेरॉक्स आहे, मग ह्या कशाला ठेवल्यात?” मामेभावानं विचारलं. “ह्यांच्यावर तर काहीच नाही.”

“नसंना का,” काका फाइल बंद करत म्हणाले. “ओके आलंवतं की त्याच्यावर.”